माझ्या पोटावरचा पत्ता

मित्रांनो, मी एक जुनी पितळी कळशी आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच मोडीचा भाव काढू नका. पोटावर एक टिचकी मारून बघा. असा आवाज हल्लीच्या भांड्यांतून निघत नाही. पितळच तेवढं उरलेलं नाही त्यांच्यात.

मी शाळेत गेलेले नाही. माझ्या पोटावर जेवढी अक्षरं आहेत तेवढीच मला येतात. पण ती पक्की पाठ आहेत, आणि सत्तर वर्षं माझी अशी समजूत होती की जगात खरं म्हणून काही असेल तर ते तेवढंच. या गर्वापायी एका बहिणीची दोन वर्षं वाया गेली. तीच गोष्ट तुम्हाला सांगणार आहे. आपली चूक आपल्या तोंडानं सांगणं जड जातं. पण दुसऱ्या कुणी सांगितली तर ती मला अजिबात आवडायची नाही, म्हणून मीच सांगते.

माझा जन्म १९१३ सालचा. ठाण्याच्या बाजारात एका तांबटानं मला घडवलं. माझ्याबरोबर त्यानं एक हंडाही घडवला, एकाच पत्र्यातून. म्हणजे तो माझा थोरला भाऊ. खाली तो आणि वर मी, अशी आमची जोडी. उंबरपाडा नावाच्या लहानशा वस्तीतला एक बाप आपल्या मुलीच्या लग्नासाठी आम्हाला न्यायला आला. मुलीचं नाव शेवंती.

त्या काळी भांड्यांवर नाव घालायची रीत होती, अजूनही आहे. गावजेवणाला सगळ्यांची भांडी एकत्र होतात. मग ती ओळखायची कशी? म्हणून लहान टोच्यानं ठिपका ठिपका ठोकत अक्षरं उमटवायची. लेकीला दिलेल्या भांड्यावर तिचं नाव आणि माहेरचा पत्ता यायचा. पुरुषांची नावं सरकारी दप्तरात असायची. बायकांचं माहेर लिहिलेलं असायचं ते आमच्याच अंगावर.

तांबटानं दोघांवरही तोच मजकूर घातला: 'चि. शेवंती हीस माहेरची भेट. मौजे उंबरपाडा, ता. साष्टी, जि. ठाणे. सन १९१३.' शेवंतीच्या बापाला वाचता येत नव्हतं. त्यानं तांबटाकडून ते दोनदा वाचून घेतलं, मग अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "आता माझी लेक कुठं हरवायची नाही."

शेवंतीचा नवरा कोकणातला. तो रेल्वेच्या गँगमध्ये रुळांच्या कामावर होता. जात एकच, म्हणून लग्न जमलं. पाड्यापासून हाकेच्या अंतरावर त्यांची खोपटी होती. पहाटे नदीवर आमची जोडी डोक्यावर घेऊन शेवंती अशी चालायची की थेंब सांडत नसे. पहिली मुलगी झाली, राधा. चार वर्षांनी मुलगा झाला, धोंडू.

१९१८ साली, धोंडू तीन महिन्यांचा असताना, मानमोडीचा ताप आला, शिकलेले लोक ज्याला इन्फ्लुएंझा म्हणत. तुम्ही तो पाहिलेला नाही, आणि बघू पण नका. घरंच्या घरं रिकामी झाली. शेवंती दोन दिवस अंथरुणात होती. तिसऱ्या दिवशी मला कुणी भरलं नाही.

तान्ह्या धोंडूला दूध कोण पाजणार? उंबरपाड्यात त्याची मामी नुकतीच बाळंत झाली होती. तिनं त्याला आपल्या अंगावर घेतलं. त्याच्याबरोबर हंडा तिथं राहिला. चार वर्षांच्या राधेला आणि मला घेऊन बाप कोकणात आपल्या आईकडे गेला. अशी आमची जोडी फुटली, माणसांची पण आणि भांड्यांची पण.

वर्षभरानं बापानं दुसरं लग्न केलं आणि मुलाला आणायला गेला. पाड्यातल्या माणसांनी सांगितलं, "पोर आमच्या अंगावरचं आहे. अजून वर्षभर राहू दे." त्याला वाटलं, पोर द्यायचंच नाही म्हणून ही सबब. "मग तुमचं तोंड बघणार नाही," असं म्हणून तो परत आला आणि त्यानं खरोखरच पुन्हा त्यांचं तोंड पाहिलं नाही. पाड्याचं नाव सुद्धा घरात काढू देईना.

राधेच्या हातात उरले मी आणि एक आठवण. आपल्याला एक भाऊ आहे, एवढीच.

भाऊबीजेला ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. राधा नऊ वर्षांची असताना सावत्र आईनं तिच्या हातात तबक दिलं आणि अंगणात जायला सांगितलं. राधेनं तबक खाली ठेवलं.

"माका भाव आसा," ती म्हणाली. "मी चंद्राक कित्याक ओवाळू?"

तिच्या पाठीत धपाटा बसला. पुढल्या वर्षीही बसला. पण तिनं चंद्राला ओवाळलं नाही. त्या दिवसापासून ती मला आवडायला लागली. आम्ही दोघी एकाच ठोक्याच्या.

राधेचं लग्न झालं आणि मी तिच्याबरोबर मुंबईला आले, लालबागच्या चाळीत. तिचा नवरा गिरणीत होता. तिथली माझी वर्षं मानाची. नळावर रांगेत माझा नंबर लागला की बायका म्हणत, "राधाबाईंची कळशी म्हणजे आरसा." मी ऐकून घेई. खोटं काय होतं त्यात?

मग प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या. हलक्या, रंगीत आणि पोकळ. त्यांच्याबद्दल मी जास्त बोलत नाही. मला माळ्यावर टाकलं. राधेचा मुलगा सहदेव नोकरीला लागला, लता सून म्हणून आली, पुढे राधेचा नवरा गेला, आणि बिऱ्हाड बोरिवलीला हललं. मी माळ्यावरून उतरले ती दुसऱ्या माळ्यावर चढले. अंगावर काळं साचलं, अक्षरं बुजली. राधेला वाचता येत नव्हतं आणि मला बोलता येत नव्हतं.

१९८१ सालची दिवाळी जवळ आली होती. साफसफाईत लतानं मला खाली काढलं. लता टेलिफोन खात्यात नोकरी करणारी, चटपटीत मुलगी. चिंच आणि राख घेऊन तिनं मला घासायला घेतलं, आणि ठिपके वर आले.

"आई, या कळशीवर काहीतरी आहे. तुम्ही कधी वाचून घेतलं नाहीत?"

"वाचणार कोण गो? तुझे सासरे वाचायचे ते फक्त गिरणीचा भोंगा."

लतानं मला उजेडात धरलं आणि एकेक शब्द वाचला. राधा दारात तांदूळ निवडत होती. 'उंबरपाडा' म्हटल्यावर तिचा हात सुपात थांबला.

"परत वाच."

लतानं परत वाचलं.

"तिथं माझो धोंडू आहे," राधा म्हणाली. सदुसष्ट वर्षांची बाई ती, पण आवाज चार वर्षांच्या मुलीचा होता.

त्या दिवसापासून शोध सुरू झाला. सहदेवनं पोस्टाची कार्डं लिहिली: सरपंच, मुक्काम उंबरपाडा, तालुका साष्टी, जिल्हा ठाणे. सगळी परत आली. 'असा तालुका नाही.' मला फार राग आला. माझ्या पोटावर आहे आणि पोस्टवाले म्हणतात नाही.

मग सहदेवनं तालुका सोडून दिला आणि जिल्हा धरला. जिल्हा तर होताच. पण ठाणे जिल्ह्यात उंबरपाडे काय थोडे? जिथं उंबर तिथं पाडा. दर सुट्टीला एसटीनं एकेका पाड्यावर जायचं. राधा मला पिशवीत घालून मांडीवर घेऊन बसायची. पाड्यातल्या म्हाताऱ्यांपुढं मला काढायची आणि विचारायची, "धोंडू म्हणून कोणी? बहीण कोकणात गेलेला?" म्हातारे मला उलटीपालटी करून बघायचे आणि मान हलवायचे. पाड्याचं नाव कानावर पडल्यापासून राधेला आईची नदीही आठवू लागली होती, पण एका पाड्याला नदीच नव्हती, एकाला नदी होती तर उंबर तोडलेला होता, आणि एका ठिकाणी धोंडू सापडला तो बारा वर्षांचा.

आता माझ्या चुकीकडे येते.

आमच्याकडे द्रौपदी नावाची भाजीवाली यायची. दहिसरकडून डोक्यावर पाटी घेऊन येणारी, चाळिशीची बाई. १९८२ सालच्या नवरात्रात ती दारात टेकली आणि लतानं तिला माझ्यातलं पाणी दिलं. पाणी पिता पिता तिची नजर माझ्या पोटावर गेली.

"असाच हंडा आमचे पाड्यान हाय, मावशी. अशीच ठिपक्यांची अक्षरां. उंबरपाड्यान, जुने घरान."

राधा झटकन पुढं आली. "कुठला उंबरपाडा?"

"आमचा. दहिसरला, नदीचे काठाला, चेकनाक्याचे अलीकडं."

"म्हणजे मुंबईतच?"

"हां, मुंबईनच की."

राधेचा चेहरा उतरला आणि मग पारा चढला. "मुंबईतला नको गो मला. माझ्या आईचो पाडो ठाणे जिल्ह्यात. वाचता येत नाही तर मध्ये बोलू नये."

"आवो पन त्या घरान..."

"मेथी कशी दिलीस ते सांग."

द्रौपदीचं वाक्य पुरं झालंच नाही. लता म्हणाली, "आई, बघून यायला काय हरकत आहे? एक स्टेशन तर आहे."

सहदेव म्हणाला, "अगं, तिथं महापालिकेची कचऱ्याची गाडी येते. तो ठाणे जिल्हा कसा असेल?"

आणि राधेनं माझ्यावर हात ठेवला. "पितळेवर कोरलंय हे. माणूस चुकेल, पितळ चुकेल काय?"

मित्रांनो, खरं सांगते, तेव्हा मला अभिमान वाटला. एक भाजीवाली माझ्या पोटावरची अक्षरं खोटी ठरवू बघते आणि राधा माझ्या बाजूनं उभी राहते, याचा. मी त्या दिवशी उन्हात जरा जास्तच चमकले असेन.

द्रौपदी येत राहिली. मेथी, मुळा, लाल माठ देत राहिली. त्या हंड्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

अजून दोन वर्षं गेली. राधेचे गुडघे गेले. पाडे संपत आले. दर भाऊबीजेला ती पाट मांडायची, तबकात निरांजन लावायची आणि वात विझेपर्यंत दाराकडे बघत बसायची. लतानं एकदा हळूच म्हटलं, "आई, शास्त्रापुरतं चंद्राला ओवाळा." राधा म्हणाली, "मी त्याला ओवाळलं म्हणजे धोंडू नाही असं झालं. मी नाही लिहून देणार तसं."

१९८४ सालच्या डिसेंबरात सहदेव ठाण्याला एका कचेरीत गेला. राधेनं बजावलं होतं, "पुरावा घेऊन जा." म्हणून मीही पिशवीतून गेले. तिथं निवृत्तीला आलेले एक कारकून होते. त्यांनी चष्मा पुसला, मला टेबलावर ठेवलं आणि ठिपक्यांवरून बोट फिरवलं. अगदी शेवंतीच्या बापानं फिरवलं होतं तसं.

"साष्टी," ते म्हणाले. "किती वर्षांनी वाचतोय. तुम्ही राहता कुठं?"

"बोरिवलीला."

"मग अहो, तुम्ही साष्टीतूनच साष्टी शोधायला आलात की."

कारकुनांनी कागदाच्या पाठीवर एक बेट काढलं. "हे बघा, हे अख्खं बेट म्हणजे साष्टी. खाली वांद्रे, वर दहिसर, या अंगाला मुलुंड आणि ठाणे. तेव्हा सगळा एकच तालुका, ठाणे जिल्ह्यातला. पुढं त्याचे तुकडे पाडले. अंधेरी, घाटकोपर उपनगर जिल्ह्यात टाकलं. काही गावं इकडून तिकडं गेली, काही परत आली. सत्तावन्न साली मुंबईची हद्द दहिसरच्या नाक्यापर्यंत नेली, तिकडं मुलुंडपर्यंत. साष्टी हे नावच पुसलं गेलं." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "गावं जागच्या जागीच आहेत हो. रेघा हलल्या."

"म्हणजे कळशीवर चुकीचं आहे?"

"मुळीच नाही. १९१३ साली हे अगदी बरोबर होतं."

मी पिशवीत परत गेले तेव्हा मला पहिल्यांदा हलकं वाटलं. हलकं म्हणजे बरं नाही, हलक्या भांड्यासारखं. बाहेर लोक म्हणतात तसं माझं पितळ उघडं पडलं होतं. मला वाटत होतं मी खरं तेच सांगते. मी खरं सांगत होते, पण सत्तर वर्षांपूर्वीचं. ते कोणत्या सालचं खरं, याचा आकडा माझ्याच पोटावर होता, आणि तोच कुणी वाचत नव्हतं. मी सुद्धा.

सहदेव घरी आला, घोटभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "आई, आपण साष्टीतच राहतो."

त्यानं सगळं समजावून सांगितलं. राधेनं एवढंच विचारलं, "द्रौपदी उद्या येईल ना?"

सकाळी द्रौपदी आली. राधेनं तिच्या डोक्यावरची पाटी उतरवायला हात लावला. हे यापूर्वी कधी झालं नव्हतं.

"बस गो. तो हंडा म्हणालीस, तो कुणाच्या घरात?"

"धोंडूकाकांचे."

राधेचा हात पाटीवरच राहिला. द्रौपदीनं तिच्याकडं बघितलं आणि आवाज उतरवला. "पन काका नाय आता, मावशी. श्रावणान गेलं."

पाटीतल्या माठाच्या जुड्यांवरून पाणी ठिबकत होतं. मग राधा म्हणाली, "बोल गो. 'मी तेव्हाच सांगत होते' असं म्हण. मला ऐकायला हवंय."

द्रौपदी म्हणाली, "नाय मावशी. तवा मी पन घाईनच व्हते."

मित्रांनो, मी बऱ्याच मोठ्या घरच्या बायका पाहिल्या आहेत. इतक्या मोठ्या मनाचं वाक्य मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

त्याच दुपारी आम्ही उंबरपाड्याला गेलो. एक स्टेशन आणि पुढं थोडी रिक्षा. नाक्यावरच्या पाटीवर कुठल्याशा नगराचं नवं नाव होतं. उंबरपाडा हे नाव फक्त तिथल्या माणसांच्या तोंडात राहिलं होतं. नदी होती, काळवंडलेली. उंबरही होता, त्याच्या बुंध्याला टेकून कुणीतरी सायकलचं दुकान टाकलेलं.

धोंडूचा मुलगा दत्ताराम दारात आला. त्याची बायको वनमाला आतून पाणी घेऊन आली. लतानं सगळी हकिगत सांगितली. दत्ताराम खाली वाकला आणि राधेच्या पाया पडला, पण उठताना गोंधळलेला होता.

"आत्या, बाबांना त्यांची आजी, म्हणजे तुमच्या आईची आई, सांगायची की बहीणही मानमोडीतच गेली. म्हणून त्यांनी कधी तुम्हाला शोधलं नाही."

सहदेवला वाटलं, आई आता कोसळेल. राधेनं भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं. हार सुकला होता.

"बरं केलंन आजीनं," ती म्हणाली. "नाहीतर तोही माझ्यासारखोच दाराकडे बघत बसलो असतो." मग पुन्हा फोटोकडं बघून म्हणाली, "नाक बापाचं. राग पण बापाचोच असणार."

"होता की," वनमाला म्हणाली, आणि रडता रडता दोघी हसल्या.

मोरीच्या कोपऱ्यात माझा भाऊ होता. हंडा. बूड चुलीवर काळं ठिक्कर, एका अंगाला पोचा. आत आंघोळीचं पाणी. वनमालानं त्याला रिकामा करून पुसला आणि राधेनं मला त्याच्या तोंडावर ठेवलं. सहासष्ट वर्षांनी मी त्याच्यावर बसले आणि हललेही नाही. काठ काठाला लागला. दोन्ही पोटांवरची अक्षरं लतानं वाचली. ठिपका न् ठिपका तोच.

माझा भाऊ मला सापडला. राधेला तिचा सापडला नाही. तेव्हापासून मी मिरवायचं सोडलं.

पुढल्या वर्षी, १९८५ च्या भाऊबीजेला, राधा संध्याकाळी उंबरपाड्याच्या अंगणात आली. तिनं पाट मांडला, निरांजन लावलं. वनमाला म्हणाली, "आत्या, हे बसतील पाटावर. भावाच्या जागी भाचा."

"त्याला त्याची बहीण आहे ना? तिनं ओवाळावं. एकाचा पाट दुसऱ्याला देऊ नये."

पश्चिमेला नव्या इमारतींच्या मधल्या फटीत बारीक कोर दिसत होती. राधेनं तबक उचललं. जे तिनं नवव्या वर्षी केलं नाही, धपाटे खाऊन केलं नाही, सगळं आयुष्य केलं नाही, ते तिनं केलं. तीन वेळा ओवाळलं, अक्षता टाकल्या.

लतानं भीत भीत विचारलं, "आई, तुम्ही तर म्हणायचात..."

"भाव आसा म्हणायची. आहेच," राधा म्हणाली. "त्याचो पत्तो बदललो, इतकंच."

त्यानंतर लता मला बाजारात एका नाव घालणाऱ्याकडं घेऊन गेली. तो म्हणाला, "बाई, जुनं घासून साफ करतो, म्हणजे नवं छान उठेल." लता म्हणाली, "जुन्याला हात लावायचा नाही. खाली घाला." त्यानं माझ्या पोटावर दुसरी ओळ ठोकली: 'हाच उंबरपाडा १९५७ पासून मुंबईत. हल्ली दहिसर. सन १९८५.' हंड्यावरही तीच. दुखलं. पण नवी अक्षरं शिकताना थोडं दुखतंच.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी माळ्यावर पडलं असेल तर त्याला खाली काढा आणि चिंच लावून बघा. पोटावर तुमच्या पणजीचं गाव असेल. पण नुसत्या गावावर जाऊ नका, सालही वाचा, आणि त्या सालानंतर कुठली रेघ कुठं सरकली ते कुणा जाणत्याला विचारा. दारात आलेली भाजीवाली काही सांगत असेल तर तिचं वाक्य पुरं होऊ द्या. घर बदललंत, जिल्हा बदलला, पाटीवर नवं नाव चढलं, तर जुना पत्ता खोडू नका. त्याच्याखाली नवा लिहा, सालासकट.

रेघा पुढंही हलतील. हलू देत. माझ्या पोटावर अजून दोन ओळींची जागा आहे, आणि पितळ जाड आहे.